प्रार्थनेचें शेवटचें वाक्य

ज्या घरांत धर्म दोन असतात, त्या घराची लोक आस्थेनें विचारपूस करितात. पण ज्या घरांत धर्म एक आणि देवळें दोन, त्या घराची अडचण सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमचें घर या दुसऱ्या प्रकारचें आहे. आम्ही नगरकडील प्रॉटेस्टंट. पत्नीचें माहेर वसईचें, पिढ्यान् पिढ्यांचें कॅथलिक. हिंदु मित्रांच्या दृष्टीनें आम्ही दोघेंही 'ख्रिस्ती'. तेव्हां भेद तो कसला, असें ते हंसून विचारतात. उत्तर देऊं लागलों म्हणजे आमचें आम्हांलाच कळतें, कीं तें एका वाक्यांत मावणारें नव्हे.

आमचा विवाह १९७९ सालीं झाला. पूर्वीं अशा विवाहांत, मुलें कॅथलिक पंथांत वाढवूं, असें वचन वर आणि वधू या दोघांकडूनही घेत. १९७० सालीं सहावे पोप पॉल यांनीं तो नियम सैल केला; वचन केवळ कॅथलिक पक्षानें द्यावयाचें, आणि दुसऱ्या पक्षास त्याची जाणीव करून द्यावयाची, एवढेंच उरलें. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला नागपूर येथें सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें. आमची मंडळीही त्यांत होती. बाप्तिस्मा बालपणीं द्यावा कीं जाणतेपणीं, यावर ज्यांनीं शतकानुशतकें वाद घातला, ते दोन्ही रीती मान्य करून एका छताखालीं आले होते. एवढें घडलें, तर उरलेली भिंतही आपल्या डोळ्यांदेखत पडेल, असें आम्हांस तेव्हां वाटत होतें.

ती भिंत पहिल्याच सायंप्रार्थनेला हाताला लागली. प्रभूची प्रार्थना आम्ही दोघांनीं बरोबर सुरू केली. वाइटापासून सुटका मागणाऱ्या ओळीपाशीं पत्नी 'आमेन' म्हणून थांबली, आणि राज्य, सामर्थ्य व गौरव देवाचें आहे असें सांगणारें शेवटचें वाक्य आम्ही एकटेच म्हणत राहिलों. कांहीं दिवसांनीं ती म्हणाली, "अहो, हें वाक्य आतां आमच्या मिस्साच्या वेळींही म्हणतात; मध्यें फादर थोडी प्रार्थना करितात, एवढेंच." व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर विधि सुधारला, तेव्हां तें वाक्य तेथें आलें होतें. त्या रात्रीपासून आम्ही दोघेंही तें म्हणतों.

मेजाची गोष्ट मात्र निराळी. रविवारीं आम्ही तिच्याबरोबर जातों, तेव्हां ख्रिस्तशरीर घेण्यासाठीं ती रांगेंत उभी राहते आणि आम्ही बांकावर बसून असतों. ती आमच्या मंडळींत येते, तेव्हां प्रभुभोजनाची भाकर तिच्या हातीं येते आणि ती न घेतां पुढें देते. मुलगा पांच वर्षांचा असतांना त्यानें भर देवळांत विचारलें, "बाबांना कां नाहीं देत?" दोघांतिघांनीं वळून पाहिलें. पत्नीनें त्याला जवळ घेतलें. उत्तर दिलें नाहीं. आम्हांलाही तें देतां आलें नसतें.

पुढें आम्ही तें शोधूं लागलों. परिषदेनें २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं काढलेल्या आज्ञापत्रांत, योग्य रीतीनें बाप्तिस्मा झालेले इतर ख्रिस्ती लोक कॅथलिक मंडळीशीं अपूर्ण पण खऱ्या नात्यानें जोडलेले आहेत, असें म्हटलें आहे. मनुष्य देवापुढें नीतिमान कसा ठरतो, या ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकांत युरोप दुभंगला, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबुर्ग येथें ल्यूथरन जागतिक संघ आणि रोम यांनीं एका घोषणेवर सह्या केल्या. मनुष्य देवाच्या कृपेनेंच स्वीकारला जातो, सत्कर्में ही त्या कृपेचीं फळें, यावर एकमत झालें. आणि तेथें मांडलेल्या शिकवणीस जुने धिक्कार लागू नाहींत, हें उभयतांनीं मान्य केलें. २००६ सालीं मेथॉडिस्ट आणि २०१७ सालीं रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यांत आल्या.

मग मेज दोन कां? कारण सेवकाच्या दीक्षेचा प्रश्न सुटलेला नाहीं. प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या परंपरेंत बिशपनें दिलेली दीक्षा कॅथलिकांस आवश्यक वाटते; आणि एकत्र भोजन हें पूर्ण ऐक्याचें चिन्ह असल्यामुळें ऐक्य आधीं, भोजन मागून, असें ते म्हणतात. मेज प्रभूचें आहे आणि ऐक्याची वाट त्यावरूनच जाते, असें आमच्याकडील पुष्कळांचें म्हणणें.

पहिलें मत आम्हांस एके काळीं निव्वळ हट्ट वाटे. एकदां तसें बोलून गेलों, तेव्हां पत्नी शांतपणें म्हणाली, "लग्न लागण्याआधीं कोणी नांदायला जातें का?" आम्ही म्हणालों, "पण आपलें लग्न तर केव्हांच लागलें आहे." त्यावर ती गप्प झाली, आणि आम्हीही. तिच्या प्रश्नांत जेवढें सत्य होतें, तेवढेंच आमच्या उत्तरांत होतें.

नोव्हेंबर २०१५ मध्यें रोममधील ल्यूथरन मंडळींत एका स्त्रीनें हाच प्रश्न पोप फ्रान्सिस यांस विचारला. तिचा पति कॅथलिक होता. सरसकट परवानगी देण्याचा अधिकार आपला नव्हे, असें त्यांनीं सांगितलें. प्रभूशीं बोला आणि पुढें चला, असेंही म्हणाले. आम्ही ती बातमी पत्नीला वाचून दाखविली. तिनें ती पुन्हां वाचावयास लाविली.

ते पोप २०२५ सालीं निवर्तले. आमचेंही वय झालें आहे. पुष्कळांस वाटतें, कीं एवढ्या वर्षांत या गोष्टीची संवय झाली असेल. संवय झालेली नाहीं, आणि ती होऊं नये असेंच आम्हांस वाटतें. ज्या दिवशीं बांकावर एकटें बसल्याचें कांहींच वाटणार नाहीं, त्या दिवशीं ऐक्याची इच्छाही संपली असें समजावें. गेल्या रविवारीं पत्नी रांगेंतून परत आली आणि नेहमींप्रमाणें आमच्या शेजारीं गुडघे टेकून राहिली. आतां तिला उठतांना आधार लागतो. आम्ही हात पुढें केला.