शिकारीचं रान

विरारहून शिरसाड फाट्याला अंबाडी रस्ता धरला की उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर सोबत चालू लागतात. पारोळच्या पुढे, त्यांच्या पायथ्याशी आमची दोन एकर वरकस आहे. वरकस म्हणजे भात न होणारी उताराची जमीन. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पालापाचोळा आणि गुरांसाठी गवत, एवढंच तिचं उत्पन्न. घरात मात्र तिला ‘शिकारीचं रान’ म्हणतात. आजोबा ठासणीची बंदूक घेऊन तिथे डुकराला बसायचे आणि पाड्यावरची माणसं खालून हाकारा घालायची. 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली. 2003 मध्ये वरचं सुमारे 85 चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं. आमच्या तुकड्याचं नाव तेवढं राहिलं.

वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिथे गेलो, तर आत शिरायलाच वाट नव्हती. डोक्यावर उंच गेलेली घाणेरी, कडेला रानमोडी. वाकून आत पाहिलं. झुडपांखाली गवताची काडीसुद्धा नव्हती, नुसती काळी माती. घाणेरीच्या पानाला गुरं तोंड लावत नाहीत, लावलं तर आजारी पडतात. भेकराने, सशाने तिथे काय खायचं?

हे रान कुणी बिघडवलं नव्हतं, आम्ही फक्त तिथे जाणं सोडलं होतं. गोठा रिकामा झाला. मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं, ते कापणारी माणसं वसईच्या कारखान्यांत लागली. राब भाजणं थांबलं. दरवर्षी विळा फिरायचा तेव्हा घाणेरीचं रोप लहानपणीच जायचं. विळा थांबला आणि तिला रान मोकळं मिळालं.

पहिल्या उन्हाळ्यात मी चार माणसं लावली आणि कोयत्याने सगळं सपाट करून घेतलं. फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. जुलैत गेलो तर प्रत्येक खुंटाला आठ-दहा फुटवे आलेले, रान आधीपेक्षा दाट. पाड्यावरचे एक वारली काका बांधावर उभे होते. ते हसले आणि म्हणाले, “भाऊ, तू तिला कापली नाहीस, कलम केलीस.”

मग त्यांनीच शिकवलं. झुडपाच्या बुडाची माती हाताने बाजूला करायची. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे एक गाठ लागते, फुटवे तिच्यातूनच येतात. त्या गाठीच्या खाली, मातीत चार बोटं, कुदळीचा तिरका घाव. झुडूप सुटलं की उलटं करून, मुळं आभाळाकडे ठेवून वाळू द्यायचं. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी अशीच पद्धत शास्त्र म्हणून मांडली आहे, हे मला नंतर वाचनात आलं. काकांना ती कुदळीनेच शिकवली होती.

वेळही त्यांनीच ठरवली. आवणी उरकल्यावर आणि कापणीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेव्हा माती मऊ असते आणि माणसं मिळतात.

2024 च्या उन्हाळ्यात वसई किल्ल्यात बिबट्या दिसला आणि पकडला जाईपर्यंत अख्ख्या तालुक्यात दुसरा विषय नव्हता. त्यानंतर आमच्याकडचेही म्हणू लागले, “एक झुडूप ठेवू नकोस.” त्यांची भीती खोटी नव्हती; पाड्यावरची पोरं त्याच वाटेने शाळेत जातात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजू पूर्ण मोकळ्या केल्या. पण डोंगराकडच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या हात न लावता ठेवल्या, आणि त्यांना लागून घाणेरीचाही एक पट्टा तूर्त राहू दिला. चरायला उघडं आणि लपायला दाट, दोन्ही शेजारी असल्याशिवाय भेकर उघड्यावर पाय टाकत नाही. सगळं रान तासून काढलं असतं तर ते मैदान झालं असतं.

दुसऱ्या पावसात मोकळ्या जागी कुसळी आली. पेरली नव्हती, बी मातीतच असावं. तिसऱ्या वर्षी सशाच्या लेंड्या दिसल्या, वाटाण्याएवढ्या, गोल. आणि नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी करवंदीच्या मागून कुत्र्यासारखं एकच खणखणीत भुंकणं आलं. मी इकडेतिकडे कुत्रा शोधू लागलो. काका हळूच म्हणाले, “भेकर.” आजोबा असते तर त्यांचा हात बंदुकीकडे गेला असता. आम्ही दोघं खाली बसलो आणि अंधार पडेपर्यंत पुन्हा भुंकण्याची वाट पाहिली. ते पुन्हा भुंकलं नाही.

काम संपलेलं नाही. मधोमध एक ऐनाचं झाड आहे. बुलबुल घाणेरीची काळी फळं खाऊन त्यावर येऊन बसतात आणि बी खाली टाकतात. दर ऑगस्टला त्या झाडाखाली वीतभर उंचीची रोपं हातभर जागेत दाटलेली असतात. ओल्या मातीतून ती दोन बोटांनी मुळासकट निघतात. एक सकाळ पुरते. एक वर्ष चुकवलं तर मात्र पुन्हा कुदळ.