कर्नाळ्याचा लंबक

कर्नाळ्याच्या फाटकाशी पिशव्या तपासतात, प्लास्टिकची नोंद करतात, मग आत सोडतात. पुढे पाट्या लागतात: गोंगाट करू नका, पक्ष्यांना खाऊ घालू नका, मधमाश्यांना डिवचू नका. हा नन्नाचा पाढा एरवी माझ्या अंगावर येतो, इथे पटतो. जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं अभयारण्य, त्याच्या कुशीतून धडधडत जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि रविवारी पनवेलच्या बाजूने लोटणारी माणसं. जंगलाने नाही म्हणायचं नाही तर काय करायचं?

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचं फिरतं प्रदर्शन या महामार्गाने कोकणात निघालं, तर त्यालाही हीच कर्नाळ्याची खिंड ओलांडावी लागते. त्या बसचा धर्म मात्र नेमका उलटा. बटन दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा, बघा काय होतं ते. बसच्या दोन्ही अंगांना, बाहेरच्या बाजूने, वीसेक प्रयोग बसवलेले असतात. ती शाळेच्या पटांगणात उभी राहिली की कुणाला पायरी चढावी लागत नाही, तिकीट खिडकी नाही, गुळगुळीत फरशी नाही. धुळीचे पाय घेऊन सरळ प्रयोगापाशी जायचं. अंधार पडला की दुर्बीण बाहेर निघते आणि मग पोरांबरोबर आयाबायाही रांगेत उभ्या राहतात. ही फिरती कल्पना १९६५ सालची, कोलकात्याची. मला तर वाटतं, विज्ञान केंद्रांच्या सगळ्या व्यापातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

व्याप लहान नाही. म्युनिकचं डॉयचेस म्युझियम पाहून भारावलेले पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय, बिर्लांनी दिलेला वाडा आणि २ मे १९५९ रोजी कोलकात्यात उघडलेलं औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय, इथून त्याची सुरुवात. पाठोपाठ बंगळूर. १९७८ च्या ४ एप्रिलला राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि सुटी संग्रहालयं एका छत्राखाली आली. मुंबईची गंमत अशी की तिथे इमारतीआधी बाग पुरी झाली. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी यांवरचं एक दालन उघडलं, १९७९ च्या बालकवर्षात उघड्यावरचं विज्ञान उद्यान आलं आणि पूर्ण केंद्र व्हायला १९८५ चा नोव्हेंबर उजाडला. नागपूरचं रामन विज्ञान केंद्र १९९२ चं, पणजीचं २००१ चं. सनावळी इथे पुरे.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. एका शहरात बसून साऱ्या देशासाठी प्रयोग कसे घडवत असतील? निसर्गाचे नियम सगळीकडे तेच. हवा मात्र तीच नसते. केस ताठ उभे करणारं व्हॅन डी ग्राफ जनित्र घ्या. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी नागपुरात ते मुलांना वेड लावेल. तेच यंत्र जुलैत पनवेलला आणा. ओल्या हवेत त्याच्या रोधक भागांवर पाण्याचा पापुद्रा धरतो, जमलेला भार त्यातून निसटतो आणि हात लावून उभी राहिलेली मुलगी आपल्या वेण्यांसकट तशीच उभी राहते. यंत्रात बिघाड काहीच नसतो. कोकणातला पाऊस हाही त्या प्रयोगाचाच एक भाग असतो, एवढंच. पण हे त्या मुलीला समजावणारं कुणी शेजारी नसेल, तर ती घरी एवढंच घेऊन जाते की विज्ञान आपल्या गावात चालत नाही.

लंबकाचं तर आणखीच नाजूक. नव्या संसद भवनातला फुकोचा लंबक याच परिषदेने घडवला: २२ मीटर उंचीवरून टांगलेला ३६ किलोचा गोळा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याच्या झोक्याची दिशा फिरत फिरत पूर्ण वर्तुळ करायला ४९ तास ५९ मिनिटं १८ सेकंद घेते. हा काळ ठरतो तो अक्षांशावर, त्यामुळे तो दिल्लीचाच. नागपुरात हेच वर्तुळ सुमारे ६६ तासांचं होईल, पणजीत नव्वदीच्या घरात जाईल. कर्नाळ्यासाठी मी एकदा कागदावर हिशेब मांडला: ७४ तासांच्या आसपास. तीन दिवस आणि वर थोडं. तिथल्या कर्नाळा गडावरचा अंगठ्यासारखा सुळका सव्वाशे फूट उंच. तेवढ्या दोरीवर लंबक टांगला तर एक हेलकावा साडेबारा सेकंदांच्या आत-बाहेर पडेल. भृंगराजाने मधेच दुसऱ्या पाखराची नक्कल करून परत आपला सूर धरावा, इतका निवांत वेळ. पृथ्वी एकच, फिरणं एकच, पण ते दिसतं ज्याच्या त्याच्या गावाच्या मापाने. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या कुठल्याही जाळ्याने ही गोष्ट उशाशी ठेवून झोपावं.

जाळं चालवणं म्हणजे उद्घाटनं, अशी आपली समजूत असते, कारण छायाचित्रं तीच निघतात. एका केंद्रात, नाव कशाला घ्या, ओळीने तीन प्रयोगांवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली पाहिली. चिठ्ठ्यांचे कोपरे पिवळे पडले होते. मला रागापेक्षा वाईट वाटलं. हात लावा म्हटल्यावर हात लागणारच. आणि ज्या हँडलवर रोज शेकडो मुलं लोंबकळतात ते सैल होणारच. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमवाल्यांनी आपल्या प्रयोगांची कृती पुस्तकं काढून जगाला देऊन टाकली, पण बेअरिंग पुस्तकातून बदलत नाही. त्याला वर्कशॉप लागतं आणि वर्कशॉपमध्ये हाताला काळं लागलेला माणूस लागतो. त्या माणसाचं पद रिकामं राहिलं की संग्रहालय हळूहळू 'हात लावू नका'च्या गावाला जाऊन बसतं.

भाचीला घेऊन कर्नाळ्याला गेले तेव्हा ती सुळक्याकडे बोट करून म्हणाली, "मावशी, हा वर कुणी ठेवला?" मी तिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची गोष्ट सांगितली, थरावर थर, मग बाजूचं झिजत गेलेलं. शिवाजी महाराजांच्या काळातही हा असाच उभा होता, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बटन कुठे आहे?" वरळीला आदल्याच महिन्यात जाऊन आली होती. हसू आलं, पण थोडी चरकलेही. प्रश्नाला बटन असतंच, अशी सवय तर आपण लावत नाही ना?

बटन नसलेला एक प्रयोग कर्नाळ्याला आयता मिळतो. मे महिन्याच्या मध्याला एका दुपारी सूर्य इथे बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. बाराला नव्हे, साडेबारा उलटून चारेक मिनिटांनी, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं आणि सूर्य ज्याच्या त्याच्या गावचा. पणजीला हा दिवस मेच्या सुरुवातीला येतो, नागपूरला २६ मेच्या सुमारास. दिल्लीला कधीच नाही, ती कर्कवृत्ताच्या पलीकडे. दुसरा शून्य सावलीचा दिवस जुलैअखेर, तो कोकणात ढगांनी खाल्लेला. उरतो मे, आणि मेमध्ये शाळांना सुट्टी, पोरं मामाच्या गावी. शाळांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या फिरत्या प्रदर्शनाला हा दिवस सहसा सापडायचा नाही.

पण सुट्टीतली मुलं गावांतच तर असतात. शिरढोणला, ताऱ्याला, आपट्याला, देवळासमोरच्या सारवलेल्या अंगणात. तिथे बस उभी करून एक काठी रोवायला परिषदेला फार खर्च येऊ नये. ड्रायव्हर आणि सोबतच्या ताईंना त्या आठवड्याचा भत्ता तेवढा वेळेवर मिळावा.