आजीची पाचवारी

रायगडाच्या पायथ्याला, रोपवेच्या खालच्या थांब्यापाशी हिरकणीवाडी आहे. मान वर केली की कातळाची भिंत उभी दिसते. आषाढात तिच्यावरून पांढऱ्या धारा लोंबतात, चैत्रात ती तापून काळीभोर होते. गडावर जाणाऱ्यांसाठी इथल्या बायका ताक, लिंबू सरबत, करवंदं विकतात. दूध विकायला गडावर गेलेल्या हिरकणीच्या नावाची ही वाडी. त्या बायकांच्या हातून पेला घेताना तिची गोष्ट मनात येतेच.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कोजागिरीची संध्याकाळ, गडाचे दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हं मूल. ती कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिला साडीचोळी देऊन गौरवलं आणि ज्या कड्यावरून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला, असं लोककथा सांगते. त्या दोन भेटी मला नेहमी वेगवेगळ्या दिसतात. साडीचोळी हा रीतीचा मान होता. तो कुणाही बाईला देता आला असता. बुरूज मात्र हिरकणीवाचून दुसऱ्या कुणाचा होऊच शकत नव्हता. तो बांधण्यासाठी आधी कुणाला तरी कड्याच्या टोकाशी जावं लागलं असेल, खाली वाकून बघावं लागलं असेल, तिने कुठे पाय ठेवला आणि कुठे बोटं रोवली हे समजून घ्यावं लागलं असेल. त्या बांधकामात गडाची उघडी बाजूही बंद झाली. पण नाव राहिलं ते उतरून गेलेल्या आईचं.

आपल्या घरांत येणाऱ्या बहुतेक भेटी साडीचोळीपाशीच थांबतात, आणि थांबतात तिथेच त्या सलायला लागतात.

माझ्या आजीने जन्मभर नऊवारी नेसली. कासोटा घट्ट खोचून ती भाताची लावणी करायची, डोक्यावर भारा घेऊन बांध उतरायची. तरी लग्नसराई आली की तिच्या ओटीत पाचवारी पडायची. देणारे परके नव्हते. भाचे होते, सुना होत्या, दिराची मुलं होती. आजीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेली माणसं. आजी ते पातळ कपाळाला लावायची, घडी न मोडता ट्रंकेत ठेवायची आणि पुढच्या लग्नात कुणाला तरी द्यायची. तिने कधी तक्रार केली नाही. पण ट्रंक उघडताना तिचा हात क्षणभर थांबायचा, तो मी पाहिला आहे. आपण काय नेसतो हे ज्यांनी रोज पाहिलं, त्यांनीही ते पाहिलेलं नाही, हे त्या कोऱ्या घड्या तिला सांगत होत्या.

महाड-पोलादपूरकडच्या मांडवात आहेराची वही असते. कुणी किती दिलं ते नावासह लिहायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं, जमलं तर थोडं जास्त, परत करायचं. या वहीबद्दल मला आदर आहे. हातात पैसा नसलेल्या घरांनी एकमेकांची लग्नं तिच्या आधाराने लावली. एका घराचं ओझं साऱ्या भावकीने उचललं. तिथे देणारा आणि घेणारा दोघांनाही हिशेब माहीत असतो, म्हणून कुणी दुखावत नाही. भांड्यांचंही तसंच होतं. घरात ठेवायच्या पातेल्यावर नाव घालून घेत, आणि पुढे द्यायची भांडी नाव न घालता माळ्यावर ठेवत. दुःख सुरू होतं ते माळ्यावरचं भांडं जिव्हाळ्याचं म्हणून हातात ठेवलं जातं तेव्हा.

वाडीतली पोरं आता मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत आहेत. दिवाळीला ती सोनपापडीचा डबा आणतात, जो तीन घरं फिरून चौथ्या घरी उघडला जातो. डिसेंबरात त्यांच्या कचेरीत नाताळ होतो. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला ठरलेल्या रकमेत भेट द्यायची. कॉफीचे मग, फोटोच्या चौकटी, सुगंधी मेणबत्त्या वाटल्या जातात. एका भाच्याला त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून मग मिळाला. भाचा चहा-कॉफी घेत नाही. वर्षभर चहाच्या वेळी शेजारी बसूनही त्या माणसाला ते कळलं नाही, असं सांगताना भाच्याचा आवाज उतरला होता.

हे नुकसान मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा नाताळच्या भेटींवरचा लेख १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, की मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, असा त्याचा अंदाज निघाला. जिवलग मित्रांच्या भेटींत तूट कमी होती. काका, मावश्या, आजी-आजोबा यांच्या भेटींत जास्त. पण भावनेचं मोल बाजूला ठेवून उत्तर द्या, असं त्याने विद्यार्थ्यांना बजावलं होतं. आजीच्या ट्रंकेतली तूट नेमकी त्या बाजूला ठेवलेल्या भागात होती.

भेटीत हेतू असणं मला वाईट वाटत नाही. ६ जून १६७४ ला राज्याभिषेकाच्या दिवशी याच गडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडन उभा होता. राजापुढे रिकाम्या हाताने जायचं नसतं, असं महाराजांकडच्या निराजीपंतांनी त्याला आधी कळवलं होतं. दरबारात वकिलाचा दुभाषा नारायण शेणवी याने हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांचं लक्ष गेलं आणि वकिलाला सिंहासनाजवळ बोलावणं आलं. इंग्रजांना तह हवा होता, व्यापाराच्या सवलती हव्या होत्या, आणि ते कुणी लपवलं नव्हतं. तो नजराणा होता आणि नजराणा म्हणूनच घेतला गेला. नात्यातल्या माणसाकडून मात्र आपण वेगळं काही मागतो. त्याने आपल्याकडे बघावं, एवढंच.

असं बघणारे आमच्या घरी धाकटे काका होते. ते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या दिवाळीला ना पगार होता, ना बोनस. काका गावी आले ते जवळजवळ रित्या पिशवीने. पिशवीत एक जुना, हाताच्या तळव्यावर मावेल असा पितळी खलबत्ता होता. आजीचे दात गेले होते, त्यामुळे तिचं पान सुटलं होतं; घरात कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. काकांनी पडवीत बसून पान, सुपारी, कात कुटून दिला. आजी त्या संध्याकाळी खूप दिवसांनी पान खाऊन जोत्यावर बसली आणि काकांना संपाबद्दल विचारत राहिली. तो खलबत्ता ट्रंकेत कधीच गेला नाही. तिच्या कमरेच्या पिशवीतच राहिला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काळ आणि पात्र या तिन्हींकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे. त्यात रकमेचा उल्लेख नाही. बघण्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि तोच आपण वाचवायला निघालो आहोत.

घेणाऱ्याच्याही वाट्याला एक काम येतं. आपल्याकडे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नको.’ विशेषतः बायकांचं. जन्मभर गरजा मागे सारलेल्या असतात, त्यामुळे गरज बोलून दाखवणं त्यांना हावरटपणा वाटतो. म्हणून मी आता एकदा विचारून थांबत नाही. गणपतीला निघण्याआधी वाडीत फोन करते आणि घरात काय मोडलंय, काय अडतंय, ते विचारते. या खेपेला आईने दोनदा ‘काही नको’ म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘विळीला धार उरली नाही गं, माठाची भाजी चिरताना मनगट दुखतं.’ तेव्हा यंदा मी पातळ नेणार नाही. पोचल्या दिवशी विळी महाडला नेऊन धार लावून आणीन, आणि ती लावून होईपर्यंत तिथेच उभी राहीन.