खाटेशेजारी कोण होतं?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी मागे लागले तेव्हा नारायणराव पेशवे राघोबादादांकडे धावले आणि 'काका, मला वाचवा' म्हणाले, असं सांगतात. राघोबांविरुद्धचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणून आपण ही हाक पिढ्यान्‌पिढ्या ऐकवत आलो. पण ती एखाद्या फौजदारी वकिलाच्या हाती द्या. तो ती थेट बचावासाठी वापरेल. ज्याने मारेकरी घातले त्यालाच कोणी मिठी मारतं का, असं विचारेल. नारायणराव खोटं बोलले नव्हते. त्यांना ठाऊक नव्हतं, इतकंच.

मरणारा खरं बोलतो, यावर आपला फार विश्वास. पण खरं बोलायची इच्छा असली तरी खरं माहीत असावं लागतं, आणि ते ऐकणाऱ्याने तसंच लिहावं लागतं. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला खुशाल राव खटला नागपूरचा. मृत्युपूर्व जबाब विश्वासार्ह असेल तर केवळ त्याच्यावर शिक्षा देता येते, हे त्यात ठरलं आणि खुशालची शिक्षा कायम राहिली. म्हणून वकिलांना तो पाठ. मला मात्र त्यातला दुसरा आरोपी आठवतो. दंडाधिकाऱ्याने लिहिलेल्या जबाबात त्याची जात वेगळी पडली होती, आणि त्याच नावाचे आणखी लोक त्या वस्तीत राहत होते. उच्च न्यायालयाने त्याला संशयाचा फायदा दिला. बोलणाऱ्याची जीभ घसरली की लिहिणाऱ्याची लेखणी, हे विचारणार कोणाला? उलटतपासणी घ्यायला साक्षीदार उरलेला नसतो.

मृत्यू समोर दिसत असताना माणूस देवापुढे उभा असल्यासारखा बोलतो, तीच त्याची शपथ, हा विचार इंग्लंडच्या न्यायालयांचा. १७८९ च्या वुडकॉक खटल्यापासून तो उद्धृत होत आला. पण त्या न्यायाधीशांची एक अट होती: बोलणाऱ्याने जगण्याची आशा पुरती सोडलेली हवी. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ ने ती अट काढून टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम २६ मध्येही ती नाही. आपण मरणार हे माणसाला माहीत नसलं तरी त्याचा जबाब चालतो. म्हणजे खांब काढून घेतला आणि छप्पर तसंच ठेवलं. निकालपत्रांतून अजूनही देवाला तोंड दाखवण्याची भाषा येतच असते.

याचा हिशेब जळीत वॉर्डात लागतो. मृत्युपूर्व जबाब म्हटलं की महाराष्ट्रातल्या वकिलाच्या डोळ्यांपुढे आधी तीच खाट येते. बाई साठ-सत्तर टक्के भाजलेली. विशेष कार्यकारी दंडाधिकारी येतात, रुग्ण शुद्धीवर असल्याचा शेरा डॉक्टर देतात, कागदावर अंगठा उमटतो. पहिल्या जबाबात स्टोव्हचा भडका उडालेला असतो. मग माहेरची माणसं पोचतात, आणि दुसऱ्या जबाबात रॉकेल ओतणारा हात येतो. बचावाचे वकील म्हणतात, आईबापांनी पढवलं. सरकारी वकील म्हणतात, पहिल्या वेळी सासू उशाशी होती.

दोघांचंही खरं असू शकतं. मला वाटतं, स्टोव्हचा भडका सांगणारी ती बाई मरणाला भिऊन बोलतच नसते. तिला घरी जायचं असतं. पोर सासरी आहे, औषधांचे पैसे नवरा भरतोय, बरं होऊन त्याच उंबऱ्याच्या आत शिरायचंय. खोटं जगण्याच्या आशेतून येतं. हे त्या जुन्या इंग्रज न्यायाधीशांना बहुधा कळलं होतं. आशा सुटली का, हे ते उगाच विचारत नव्हते. त्यांची धार्मिक समजूत मला पटत नाही, पण माणसाची पारख पटते.

म्हणून हे जबाब मोडीत काढा असं मात्र मी म्हणणार नाही. बंद दाराआडच्या गुन्ह्याला दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? या पुराव्याचा खरा आधार गरज हाच आहे, आणि गरजेपोटी घेतलेली गोष्ट पारखूनच घ्यावी लागते. न्यायालयं पारखतातही. शंभर टक्के भाजलेल्या अंगठ्याच्या रेषा कागदावर स्पष्ट कशा, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने विचारलेला आहे. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इरफान खटल्यात, मृत्युपूर्व जबाबांच्या जोरावर फाशी सुनावलेल्या माणसाला त्याच न्यायालयाने निर्दोष सोडलं, कारण त्या जबाबांचा भरवसा वाटला नाही.

पण पारखण्याची सगळी शक्ती भलतीकडे खर्च होते. डॉक्टरांचा शेरा आधी की नंतर, यावर इतके वाद झाले की लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००२ साली पाच न्यायाधीशांना बसावं लागलं. शेरा नसला तरी चालेल, लिहिणाऱ्याची खात्री पटलेली हवी, असं त्यांनी सांगितलं. बाई शुद्धीवर होती का, हे विचारून झालं. ती मोकळी होती का? खुशाल राव निकालाने प्रश्नोत्तरं आणि शक्यतो बोलणाऱ्याचेच शब्द लिहायला सांगितले होते. त्यात मला आणखी दोन प्रश्न हवेत: लिहिताना खाटेशेजारी कोण होतं, आणि त्याआधीच्या तासाभरात तिच्याशी कोण बोललं? बाईचं उत्तर लिहिण्याआधी दंडाधिकाऱ्याने हे स्वतः बघून लिहावं. कागदावर दोन ओळी वाढवायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही.