गोदातीरींची पंगत

लातुराहून नांदेडास येणारा यात्रिक बहुधा गोदास्नान आटोपून परततो. वाचकहो, सचखंड पाहिल्यावांचून परतूं नये, असें आम्ही सुचवितों. 1708 सालीं गुरु गोविंदसिंहांनीं येथें देह ठेविला. तत्पूर्वीं कोणा वारसास गादी न देतां त्यांनीं गुरुपद ग्रंथास अर्पिलें. मागें राहिलेल्या शिखांनीं लंगर चालू ठेविला. 1832 ते 1837 या काळांत रणजितसिंहांनीं मंदिर बांधविलें. पंजाबांतून आलेलीं कुटुंबें येथलींच झालीं. निजामी राज्य 1948 सालीं संपलें. 1956 च्या कायद्यानें कारभार मंडळाकडे आला. कांहीं सभासद शिखांनींच निवडावे, अशी योजना झाली. कर्ता पुरुष निवर्तल्यावर घर कसें चालवावें, हा पाठ एकत्र कुटुंबांनीं येथें घ्यावा: पंगत मोडूं नये, कारभार मिळून करावा.