मीठ धरून ठेवणारं शरीर

उरणच्या मिठागरात आजोबा भर उन्हात राबायचे. सदरा वाळला की पाठीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत. दुपारच्या पेजेत आजी खडेमीठ जरा जास्तच घालायची. घामातून गेलं ते परत अंगात जायला हवं, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शरीर ते किती चिवटपणे जाणतं, हे मला पन्नाशीत कळलं. तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासायला सांगितलं. सूचना ऐकून मी चकित झालो: मीठ नेहमीसारखं खा, सकाळी उठल्यावर दोन तास हिंडाफिरा, मग दहा मिनिटं बसवून रक्त घेऊ. नुसत्या उभं राहण्याने रक्तातला आकडा बदलतो!

आपण उठतो तेव्हा अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मेंदूला ते कमी पडू नये म्हणून मूत्रपिंडं रेनिन सोडतात. त्यातून तयार होणारं अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन वाढवतं. ते लघवीतून जाणारं मीठ अडवतं, मिठामागे पाणीही थांबतं. आडवं झालं की हे सगळं ओसरतं. धावताना रक्त स्नायूंकडे वळतं, तेव्हा रेनिन आणखी वाढतं. मीठ कमी खाल्लं तरी वाढतं. स्टॉकहोममध्ये टायगरस्टेड आणि बर्गमन यांनी 1898 मध्ये सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कातून रेनिन शोधलं, तेव्हा त्याची ही सारी कामं कुणाला माहीत असणार?

आजोबांचं उभं राहणं, कष्ट, घाम, तिन्ही एकदम. त्यांच्या शरीराने मीठ राखलं ते जगण्यासाठी. माझं आयुष्य खुर्चीत गेलं. वर पापड, लोणचं, फरसाण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्याहून जास्त मीठ पोटात जात असताना अल्डोस्टेरॉन खाली यायला हवं होतं. माझ्या अहवालात रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन चढलेलं निघालं: रेनिनचा निरोप थांबला, तरी अल्डोस्टेरॉन बनवणारी ग्रंथी मीठ अडवतच होती. इतकी वर्षं नुसत्या गोळ्या वाढत गेल्या, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्या तपासण्यांनंतर अल्डोस्टेरॉनला रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं आणि बीपी उतरलं. बहिणीने प्रेमाने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. पण त्यात पोटॅशियम असतं आणि ही गोळी पोटॅशियम अंगात साठवते. तो डबा मी तिला परत दिला. साधंच मीठ खातो, फक्त थोडं.