वीस चौकटींचे क्षितिज

संकेश्वरच्या माणसाला वाळवंटाचे आकर्षण का वाटावे, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या गावाला हिरण्यकेशीचे पाणी आहे, उसाचे मळे आहेत, साखर कारखान्याची चिमणी आहे आणि जिच्या नावाने दूरदूरचे बाजार आम्हांला ओळखतात ती संकेश्वरी मिरचीही आहे. ही नदी अंबोलीच्या ज्या डोंगरात उगम पावते, तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आजरा, गडहिंग्लज करीत ती आमच्यापर्यंत येते, तोवर पाऊस मागेच थांबलेला असतो आणि पाणी तेवढे पुढे आलेले असते. दुसऱ्याच्या पावसावर हिरवी राहिलेली आमची भूमी. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, हा आकडा मी लहानपणी पाठ केला होता आणि तो पाठ करवून घेणारे गृहस्थ माझे वडीलच होते.

अप्पांनी मराठी शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला. वाळवंटाचा धडा आला की फळ्यावर चंद्रकोरीच्या आकाराची बारखाण टेकडी काढायची, वाऱ्याचा बाण काढायचा, वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि आडोशाची तीव्र उताराची हे दोन रंगांच्या खडूंनी दाखवायचे, हा त्यांचा परिपाठ. इतकी वर्षे टेकडी काढली. प्रत्यक्षात एकही पाहिली नाही. शिक्षकाच्या पगारात, तीन मुलांच्या शिक्षणात आणि नंतर आईच्या आजारपणात ते राहून गेले. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. सहाराही पाहिला नाही आणि सायबेरियाही पाहिला नाही, मग थरचेच काय एवढे, असे ते म्हणत.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. या रोगात नजर कडांकडून आत आत आक्रसत येते. मधला भाग बराच काळ शाबूत राहतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली राखायची, एवढेच हाती असते. शिवाय उजेड मंदावला की अशा डोळ्यांना फारच कमी दिसते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना राजस्थानला नेण्याचा बेत मी काढला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे मोडीत काढला. "अगं, मला आता जग नळीतून दिसतं. तिथं सूर्य मावळायला लागला की मला काहीच दिसणार नाही, आणि तुम्ही सगळे मात्र मला विचारत राहाल, अप्पा, दिसलं का? माझा एकट्याचा तिकिटाचा खर्च वाचव."

त्यांचे म्हणणे खरे होते. संध्याकाळ कोणासाठी थांबत नाही. कागद मात्र थांबतो. तेव्हा वाळवंटातली एक संध्याकाळ, संपूर्ण, चहूबाजूंची, कागदावर आणायची आणि ती भर दुपारच्या उजेडात त्यांच्यापुढे पसरायची, असे मी मनाशी ठरवले. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी छायाचित्रणाचा नाद लावून घेतला होताच. त्याला आता काम मिळाले.

विस्तृत दृश्य एका पटावर मांडण्याची ही हौस जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार भिंतीवर रंगवलेल्या चित्राचे पेटंट घेतले. प्रेक्षक मध्यभागी उभा राही आणि सभोवार शहर पसरलेले असे. 'पॅनोरामा' हा शब्द त्याच्याच या खटाटोपातून रूढ झाला. पुढे कॅमेरा आल्यावर आपल्याकडे फेलिचे बिआटो याने १८५८ मध्ये लखनौ आणि दिल्लीची अशी जोडचित्रे घेतली. एका उंच जागी उभे राहायचे, एकेक काच उघडी करीत कॅमेरा थोडा थोडा फिरवायचा आणि नंतर ते कागद शेजारी शेजारी चिकटवायचे. उठावानंतरच्या त्या उद्ध्वस्त शहरांच्या चित्रांत सांधे स्पष्ट दिसतात. मला ते सांधे आवडतात. आता संगणक ते लपवतो.

सरावासाठी मी वल्लभगड निवडला. संकेश्वरहून बेळगावकडे निघाले की हरगापूरचा हा गड लागतो. तो काही फार उंच नव्हे, पण माथ्यावर गेले की मुलूख मोकळा होतो. खाली महामार्ग, मळ्यांचे चौकोन, पश्चिमेला सह्याद्रीची पुसट निळी रेघ. थंडीत तीन आठवडे दर दोन दिवसांनी मी तेथे जात होते. पायऱ्या चढताना यजमान ट्रायपॉड खांद्यावर घेत आणि हा सूर्य घराच्या गच्चीवरून दिसत नाही काय, असे न चुकता विचारत.

या कामाचे काही नियम आहेत आणि ते सांगण्यासारखे आहेत. कॅमेरा उभा धरायचा, आडवा नव्हे. चौकटी जास्त लागतात, पण आकाश आणि जमीन दोन्ही पुरेशी मिळतात. माझ्या पन्नास मिलिमीटरच्या भिंगातून उभ्या चौकटीत सुमारे सत्तावीस अंश रुंदी मावते. प्रत्येक चौकटीचा तिसरा हिस्सा शेजारणीवर चढला पाहिजे, नाहीतर सांधा जुळत नाही. म्हणजे दर वेळी अठरा अंश फिरायचे आणि वीस चौकटींत वर्तुळ पुरे करायचे. ट्रायपॉड पाणसळीत नसेल तर क्षितिज लाटेसारखे वर-खाली होते. फिरण्याचा आस भिंगातल्या नेमक्या बिंदूतून जावा लागतो, अन्यथा जवळचे दगड एका चौकटीत एकीकडे आणि दुसरीत दुसरीकडे सरकतात. उजेडाचे माप, रंगाचा समतोल, नाभी, सारे हाताने एकदा ठरवून कुलूपबंद करायचे. यंत्रावर सोडले तर ते प्रत्येक चौकटीला वेगळा न्याय देते. आकाश गडद करणारी ध्रुवणाची काच तर काढूनच ठेवायची, कारण तिचा परिणाम सूर्यापासूनच्या कोनाप्रमाणे बदलतो आणि रुंद आकाशात मधोमध काळा डाग पडतो.

गडाच्या चित्रात तटाची सरळ भिंत धनुष्यासारखी वाकली. वर्तुळ उलगडून सपाट कागदावर ठेवले की असे होणारच; अप्पांना नकाशाच्या प्रक्षेपणांची आठवण झाली आणि त्यांनी ग्रीनलँडवर दहा मिनिटे व्याख्यान दिले. आणखी एक गोष्ट त्या चित्रात होती. गडहिंग्लजकडचा मुलूख महाराष्ट्रात आणि पायथ्याचा कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या घरातल्या कित्येक जेवणांत ही रेघ ताटांमधून गेलेली आहे. सातव्या आणि आठव्या चौकटींचा सांधा योगायोगाने तिच्या जवळपासच कोठेतरी पडला होता. मी संगणकावर चित्र कितीही मोठे केले तरी तो मला सापडला नाही. अप्पांना हे सांगितले तेव्हा ते हसले, पण त्यांनी विषय वाढवला नाही. आमच्या पिढीपेक्षा त्यांच्या पिढीला ते अधिक जड जाते.

बेळगावहून जोधपूरची थेट गाडी धरून आम्ही निघालो आणि जैसलमेरला पोचलो. दिवस मुद्दाम माघी पौर्णिमेचा निवडला होता, ५ फेब्रुवारी २०२३. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र आकाशाच्या समोरासमोरच्या टोकांना असतात. एकीकडे मावळतीचा तांबूस उजेड आणि बरोबर पाठीमागे वर येणारा चंद्र, हे दोन्ही फक्त संपूर्ण वर्तुळाच्या चित्रातच एकत्र येऊ शकतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मरु-महोत्सव भरतो आणि सम येथील वालुकाटेकड्यांवर गर्दी उसळते. म्हणून आम्ही नैऋत्येला खुडी गावाकडच्या टेकड्या पसंत केल्या.

वाळवंट रिकामे असते, हा समज पहिल्या तासात गळून पडला. जागोजागी खेजडीची झाडे होती. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिला नमस्कार करतो ती शमीच, हे समजल्यावर मला एकदम माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले. रुईची झुडपे होती, तिला तिकडे आक म्हणतात. वाळूवर किड्यांच्या पावलांची बारीक नक्षी होती. आणि उत्तरेच्या क्षितिजावर विजेचे मनोरे व पवनचक्क्यांची पाती होती.

या मनोऱ्यांवरून माझा आणि सोबतच्या एका तरुण छायाचित्रकाराचा थोडा वाद झाला. तो म्हणाला, मावशी, हे संगणकावर दोन मिनिटांत पुसता येते, सगळेच पुसतात. जैसलमेरच्या परिसरात २००१ पासून पवनचक्क्या उभ्या राहत गेल्या आहेत. माळढोक पक्षी त्यांच्या तारांवर आदळून मरतात, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवण्यात आला. हा पक्षी आता दीडशेच्या आसपासच उरला आहे. आपल्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तो माळढोक हाच. ते मनोरे पुसले असते तर चित्र अधिक देखणे झाले असते, यात शंका नाही. पण ते अप्पांसाठी होते आणि भूगोलाच्या शिक्षकाला खोटा नकाशा देणे मला प्रशस्त वाटेना. मनोरे राहिले.

सहा वाजून गेले. सूर्य अद्याप वर होता तोच पूर्वेला चंद्र आला, फिकट, कागदाच्या चकतीसारखा. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पुरते बुडेपर्यंत तेथे साधारण अडीच मिनिटे मिळतात. त्यातही टेकलेले बिंब हे वातावरणाने उचलून दाखवलेले असते, खरा सूर्य तेव्हा खाली गेलेलाच असतो. पश्चिमेचा रंग सर्वांत वेगाने पालटतो, म्हणून सुरुवात तिकडून केली आणि उजवीकडे फिरत गेले. एक चौकट, अठरा अंश, दुसरी चौकट. यजमान मोठ्याने आकडे मोजत होते आणि या वेळी त्यांनी गच्चीचा उल्लेख केला नाही. पहिल्या फेरीला मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागला. तीन फेऱ्या केल्या. तिसरीच्या वेळी पूर्वेच्या तळाशी करड्या निळ्या रंगाचा पट्टा वर येऊ लागला होता; ती पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. तिच्यावर गुलाबी झाक, जिला पाश्चात्त्य लोक शुक्राची मेखला म्हणतात, आणि त्या झाकेपाशी चंद्र. पश्चिमेला तेव्हा केवळ केशरी उजेड उरला होता. मी शेवटी निवडली ती दुसरी फेरी: तीत सूर्याची कड अजून आहे आणि सावलीची पहिली रेघही आहे.

कागदावर ते चित्र एक फूट उंच आणि नऊ फूट लांब झाले. वर्तुळ कोठेतरी कापावे लागते. मी ते आग्नेयेच्या बाजूला कापले, म्हणजे सूर्य डावीकडे आणि चंद्र उजवीकडे राहिला. एक उंटवाला मुलगा माझ्या फिरण्याच्याच दिशेने चालत होता, त्यामुळे तो दोन चौकटींत सापडला आणि चित्रात दोनदा उमटला. संगणक त्यातला एक पुसायला उत्सुक होता. मी दोन्ही ठेवले.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी ओसरीच्या भिंतीवर, अप्पांच्या नजरेच्या उंचीला, तो पट लावला. ते काठी टेकत डाव्या टोकाला उभे राहिले आणि वीतभर अंतरावरून पाहू लागले. एका वेळी त्यांना तळहाताएवढा भाग दिसत असावा. नऊ फूट चालायला त्यांना पाऊण तास लागला. मी काही विचारले नाही. तशी तंबी होती. सूर्यापाशी ते फारसे रेंगाळले नाहीत. एका टेकडीच्या कडेवर मात्र बोट ठेवून बराच वेळ थांबले. "ही मंद बाजू, ही उभी. उभी बाजू चौतीस अंशांच्या पुढं जात नाही, वाळू घसरते. म्हणजे वारा इकडून आला, नैऋत्येचा. बरोबर आहे." मग पुढे सरकले. "हा मुलगा दोनदा?" मी कारण सांगितले. "म्हणजे मधल्या वेळात तो एवढं चालला," असे म्हणून त्यांनी दोन आकृत्यांमधले अंतर बोटांनी मोजले. मनोऱ्यांपाशी नुसते "हं" म्हणाले. निळ्या पट्ट्यापाशी आल्यावर त्यांनी मला तो कशाचा हे सांगू दिले नाही.

उजव्या टोकाला पोचल्यावर ते म्हणाले, "यात उत्तर दिशा दाखवलेली नाही."

छायाचित्रात ती दाखवत नाहीत, असे मी म्हणाले. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. फेब्रुवारीत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, त्या दिवशी तेथे किती अंशांवर, ते मोबाइलवर पाहायला सांगितले. दोनशे बावन्न. "म्हणजे उत्तरेला एकशे आठ उरले. नऊ फूट म्हणजे एकशे आठ इंच, त्यात तीनशे साठ अंश." क्षणभर ओठ हलले. "सव्वाबत्तीस इंच, थोडं वर. टेप आण."

शिवणाच्या डब्यातली टेप मी आणली. एक टोक सूर्यावर मी धरले, दुसरे त्यांनी. जेथे माप संपले तेथे, वाळू आणि आकाश यांच्या रेषेच्या किंचित खाली, त्यांनी खिशातल्या पेन्सिलीने एक लहानसा बाण काढला आणि त्याच्या डोक्यावर, फळ्यावर काढीत तसा, वळणदार 'उ' लिहिला.